खडक वितळवून पाहताना

पीएचडीसाठी जर्मनीतल्या प्रयोगशाळेत रुजू झाले, तेव्हा माझ्या हातात पहिला आला तो एक जुना शोधनिबंध. केई हिरोसे आणि इकुओ कुशिरो या जपानी संशोधकांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेला. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "यातला १.५ गिगापास्कलचा एक प्रयोग तू स्वतः करून दाखव. तुझी उत्तरं यांच्या उत्तरांशी जुळली, की मग तुझ्या प्रश्नाबद्दल बोलू." १.५ गिगापास्कल म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण १५,००० पट. जमिनीखाली ५० किलोमीटरच्या आसपास असतो तेवढा दाब.

पृथ्वीच्या पोटातल्या खडकांवर प्रयोग करायला शिकायचं, तर दुसऱ्याने केलेला प्रयोग आधी आपल्या हाताने जुळवून बघणं याहून चांगला रस्ता नाही, असं आज मला मनापासून वाटतं. या कामात खडक वितळवणं हा सोपा भाग आहे. वितळून जे हाती आलं त्यावर विश्वास कधी ठेवायचा, हे शिकायला खरा वेळ लागतो.

थोडं प्रावरणाबद्दल सांगते. कवचाच्या तळापासून सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंतचा हा थर, पृथ्वीच्या आकारमानाचा जवळजवळ ८४ टक्के भाग. माणसाने पाडलेलं सगळ्यात खोल भोक रशियाच्या कोला द्वीपकल्पावर आहे, १२,२६२ मीटरचं. तिथे कवचसुद्धा निम्मं पार झालं नव्हतं. जमिनीखाली लाव्ह्याचा समुद्र खदखदतोय असं आपल्याकडे शाळेपासून कानावर पडतं, पण ते खरं नाही. भूकंपाच्या एस-लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत आणि प्रावरणातून त्या आरपार जातात, म्हणजे प्रावरण घन आहे. हा तापलेला घन खडक अतिशय सावकाश वर सरकतो, वर येताना त्याच्यावरचा दाब उतरतो, आणि एका टप्प्यावर तो थोडासा वितळतो. सगळा नाही, काही टक्के. तो रस कणांमधल्या फटींतून वाट काढत गोळा होतो आणि वर येतो. हवाईची बेटं, महासागरांचे तळ, आपला दख्खनचा कातळ, या सगळ्यांच्या मुळाशी हेच आहे. पण हे वितळणं होताना कुणी पाहिलेलं नाही, पाहणं शक्यही नाही. म्हणून तो दाब आणि ते तापमान प्रयोगशाळेत उभं करायचं.

हिरोसे आणि कुशिरो यांनी वापरलेल्या खडकांपैकी एक केएलबी-१ या नावाने ओळखला जातो. न्यू मेक्सिकोत किलबोर्न होल नावाचं ज्वालामुखी स्फोटाने तयार झालेलं एक मोठं विवर आहे. तिथल्या लाव्ह्याने वर येताना प्रावरणाचे तुकडे उचलून आणले, त्यातला हा एक पेरिडोटाइट. ऑलिविन नावाच्या हिरव्या खनिजामुळे हिरवट दिसतो. एइची ताकाहाशी यांनी १९८६ साली यावर मोठं काम केलं, आणि तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळा हीच रचना वापरत आल्या आहेत. त्यामुळे एकाचे आकडे दुसऱ्याच्या आकड्यांशी ताडून बघता येतात.

मूळ खडक मोजका, म्हणून आम्ही त्याच रचनेची पूड रसायनांपासून बनवतो. सिलिका, अॅल्युमिना, मॅग्नेशियम ऑक्साइड, आयर्न ऑक्साइड. आणि कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम कार्बोनेटच्या रूपात. ऐकायला सोपं वाटतं. पण मॅग्नेशियम ऑक्साइड हवेतलं पाणी शोषत राहतं. ते आधी भट्टीत १,००० अंशांवर भाजायचं, मग कोरड्या भांड्यात थंड करायचं आणि लगबगीने तोलायचं. पाण्याचा अंश पुडीत राहिला तर खडक कमी तापमानाला वितळायला लागतो आणि कोरड्या खडकाबद्दल काहीही सांगता येत नाही. सगळं तोलून झालं की अकीकाच्या खलात, इथेनॉल घालून घोटायचं. इथेनॉल उडून जाईपर्यंत घोटायचं, पुन्हा घालायचं, पुन्हा घोटायचं. हाताला रग लागते. तरी ते यंत्रावर सोडून द्यावंसं मला कधी वाटलं नाही, कारण पूड बोटांखाली कशी बदलत जाते ते कळतं. सुरुवातीला खलाच्या तळाशी करकर वाजते, शेवटी आवाजच येत नाही. सिलिकाचा एखादा जाड कण राहिला तर तो कुपीत, म्हणजे पूड ज्यात बंद करून तापवतात त्या छोट्या भांड्यात, वेगळाच पडून राहतो आणि आजूबाजूच्या रसाची रचना बिघडवतो. मग ही पूड पुन्हा भट्टीत. कार्बोनेटमधला कार्बन डायऑक्साइड घालवायचा, आणि नंतर कार्बन मोनॉक्साइड व कार्बन डायऑक्साइड यांच्या मोजलेल्या मिश्रणात तापवून लोहाला प्रावरणात असतं त्या अवस्थेत आणायचं.

आता कुपी. तांदळाच्या दाण्याहून जेमतेम जाड असलेल्या या वस्तूत किती विचार भरलेला आहे ते कळलं, तेव्हा मी या विषयाच्या खऱ्या अर्थाने प्रेमात पडले. बाहेरची नळी प्लॅटिनमची, कारण ते इतक्या तापमानालाही वितळत नाही आणि दोन्ही तोंडं वेल्डिंगने बंद करता येतात. पण प्लॅटिनम लोह पिऊन टाकतं. पूड थेट त्यात भरली तर काही तासांत तिच्यातलं लोह धातूत शिरतं आणि आत उरतो तो वेगळाच खडक. म्हणून मध्ये ग्राफाइटची आतली कुपी बसवायची. ती आमच्या वर्कशॉपमध्ये लेथवर कोरून मिळते.

तरी एक अडचण उरतेच. थोडासाच रस तयार झाला तर तो कणांच्या कोपऱ्यांत, अतिशय बारीक फटींत अडकलेला असतो. वीज बंद करून प्रयोग थांबवला, की निवता निवता त्यातलं काही शेजारच्या स्फटिकांवर चिकटतं, आणि रसाची मूळ रचना पुसली जाते. यावर उपाय म्हणून हिऱ्याची पूड वापरायची कल्पना नव्वदीच्या सुरुवातीला पुढे आली, त्यात कुशिरो होतेच. खडकाच्या पुडीलगत हिऱ्याच्या बारीक कणांचा एक थर द्यायचा. हिरा कठीण, त्यामुळे त्याच्या कणांमधल्या पोकळ्या दाबाखालीही मिटत नाहीत. रस तिकडे ओढला जातो, स्फटिकांपासून दूर तिथे साचतो, आणि थांबवल्यावर स्वच्छ काच होऊन बसतो. हिरे मोजून कुपीत टाकताना पहिल्यांदा हात थरथरतो. ते औद्योगिक, करड्या रंगाचे असतात, पण हिरेच.

ही कुपी मग एका नळकांड्यात बसते. सर्वांत बाहेर मिठाची नळी, आत काचेची, त्याच्या आत ग्राफाइटची, आणि कुपीच्या वरखाली मॅग्नेशियम ऑक्साइडचे ठोकळे. प्रत्येक थराला काम आहे. मीठ दाबाखाली मऊ पडतं, म्हणून दाब सगळीकडून सारखा पोचतो आणि घर्षण कमी होतं. ग्राफाइटची नळी हीच भट्टी: तिच्यातून काही व्होल्टचा पण शेकडो अँपिअरचा प्रवाह सोडला की ती तापते. वरून तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलच्या दोन तारा येतात, टंगस्टन आणि ऱ्हेनियमच्या मिश्रधातूंच्या. त्यांचं टोक कुपीच्या अगदी वर, मध्ये अॅल्युमिनाची पातळ चकती.

पिस्टन-सिलिंडर यंत्राची जी रचना आज जगभर वापरतात ती फ्रान्सिस बॉइड आणि जोसेफ इंग्लंड यांनी वॉशिंग्टनच्या जिओफिजिकल लॅबोरेटरीत बसवली आणि १९६० साली प्रसिद्ध केली. तत्त्व साधं आहे. मोठ्या हायड्रॉलिक दट्ट्याचा सगळा जोर अर्ध्या इंच व्यासाच्या एका छोट्या दट्ट्यावर आणायचा. १.५ गिगापास्कलसाठी त्या अर्ध्या इंचावर सुमारे १९ टनांचा भार लागतो. छोटा दट्ट्या टंगस्टन कार्बाइडचा, त्याच्याभोवतीचा गाभाही त्याचाच, आणि त्या गाभ्याला बाहेरून पोलादाच्या कड्यांनी आवळून धरलेलं. चारी बाजूंनी गार पाणी फिरत असतं. आत १,४०० अंश, बाहेर पोलादाला हात लावला तर कोमट.

तापवायला सुरुवात केल्यावर पहिला अर्धा तास मी जागेवरून हलत नाही. मीठ मऊ पडून आकसतं तसा दाब उतरतो, तो पंपाने पुन्हा चढवायचा. थर्मोकपल तुटलं तर आकडा एकदम उडतो, आणि मग फक्त किती वीज जाते यावरून तापमानाचा अंदाज करायचा, किंवा सरळ थांबून नव्याने सुरुवात करायची. या कामात तारा तुटतात, दट्ट्याला तडा जातो, नळकांडं फुटून मोठा धडाका होतो. आमच्या गटात साताऱ्याकडची एक पोस्टडॉक होती. तिला मी ताई म्हणायचे. पहिल्या धडाक्याला मी दचकले तेव्हा ती म्हणाली, "अगं, ढालीमागे आहेस ना तू, मग बस. पाणी बंद कर, दाब उतरव, वहीत वेळ लिही." तिच्या वहीत फसलेले प्रयोग जमलेल्या प्रयोगांइतकेच तपशिलाने लिहिलेले असत. ती सवय मी उचलली.

मग एक-दोन दिवस यंत्र तसंच चालू ठेवायचं. हा वेळ का लागतो, तर रसाला आणि स्फटिकांना आपसात देवाणघेवाण पुरी करू द्यावी लागते. थांबवताना मात्र सगळं काही सेकंदांत होतं. वीज तोडली की तापमान इतक्या झपाट्याने कोसळतं की रसाला स्फटिक व्हायला सवडच मिळत नाही.

कुपी बाहेर काढून ती इपॉक्सीत बसवायची, मधोमध कापायची, घासायची. हिऱ्याचा थर घासणं हे फार चिकाटीचं काम आहे. बाकी सगळं झिजतं, हिरे झिजत नाहीत, ते उठून दिसतात किंवा निखळून येतात. शेवटच्या पायरीला पाव मायक्रॉनची पेस्ट लागते. एवढं झाल्यावर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ते पहिल्यांदा दिसलं: मोठाले ऑलिविन, त्यांच्यामध्ये पायरॉक्सीन हे दुसरं खनिज, एका बाजूला स्पिनेल या तिसऱ्या खनिजाचे उजळ ठिपके, आणि हिऱ्यांच्या काळ्या कणांमध्ये सपाट, एकसारखी काच. ती काच म्हणजे बेसाल्ट. मी घोटलेल्या पांढरट-तांबूस पुडीतून निघालेला.

इथून पुढचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. मोजायचं इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबने. रेमाँ कास्तँ यांनी १९५१ साली पॅरिसमधल्या आपल्या प्रबंधात हे तंत्र उभं केलं. नमुन्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत टाकायचा आणि निघणाऱ्या क्ष-किरणांवरून त्या बिंदूत कोणतं मूलद्रव्य किती आहे ते मोजायचं. स्फटिकांवर झोत एखाद्या मायक्रॉनचा चालतो. काचेवर तो पसरट ठेवावा लागतो, नाहीतर सोडियम झोताखालून पळतं आणि आकडा कमी येतो.

आकडे आले. ते १९९३ च्या आकड्यांच्या जवळ होते. मी बाईंना दाखवायला गेले तर त्यांनी निबंध उघडलासुद्धा नाही. विचारलं, "समजा हा निबंध कुणी लिहिलाच नसता, तर तुझे आकडे बरोबर आहेत हे तू कशावरून म्हटलं असतंस?"

त्या प्रश्नाचं उत्तर देता देता मी हा विषय शिकले. पहिली कसोटी बेरजेची. ऑलिविन, पायरॉक्सीन, स्पिनेल आणि काच यांच्या रचना योग्य प्रमाणात मिळवल्या की मूळ पूड परत मिळायला हवी. लोह कमी भरलं तर ते प्लॅटिनमने नेलं, सोडियम कमी भरलं तर ते कुठेतरी निसटलं. दुसरी कसोटी एका आकड्याची. ऑलिविनमधलं लोह आणि मॅग्नेशियम यांचं गुणोत्तर घ्यायचं आणि त्याला रसातल्या त्याच गुणोत्तराने भागायचं. पीटर रोडर आणि रोनाल्ड एम्स्ली यांनी १९७० साली दाखवलं की समतोल साधला असेल तर हे उत्तर ०.३० च्या आसपास येतं, आणि तापमान बदललं तरी फारसं हलत नाही. दाब वाढला की ते थोडं वर सरकतं. तिसरी कसोटी वेळेची: तोच प्रयोग कमी वेळ आणि जास्त वेळ करून बघायचा, उत्तर स्थिरावतं का ते पाहायचं. हिऱ्यांच्या थराबाबत तर हे फारच गरजेचं. त्या पोकळ्यांमध्ये सुरुवातीला दाब कमी असतो, म्हणून अगदी पहिला रस घाईघाईने तिकडे खेचला जातो. तो अजून स्फटिकांशी जुळलेला नसतो. पुरेसा वेळ दिला तरच मूलद्रव्यं रसातून झिरपत पुढेमागे होतात आणि थरातली रचना सुधारते. कमी वेळात थांबवलेला प्रयोग दिसायला देखणा असतो आणि उत्तर चुकीचं देतो. चौथी कसोटी दोन्ही बाजूंनी येण्याची. एकदा स्फटिकांपासून सुरुवात करायची, एकदा आधीच वितळवून काच केलेल्या पुडीपासून. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचल्या तर ते ठिकाण खरं.

हा ०.३० चा आकडा घेऊन मी दख्खनकडे बघितलं. मी पुण्यात भूशास्त्र शिकले. महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणाऱ्या आंबेनळी घाटात आमच्या सहली जायच्या. त्या घाटाच्या नावाने ओळखला जाणारा लाव्ह्यांचा गट अभ्यासकांच्या जिव्हाळ्याचा, कारण दख्खनच्या सगळ्या गटांमध्ये त्यात कवचाची भेसळ सर्वांत कमी. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे हे लाव्हे आम्ही प्रावरणातून आलेला रस म्हणूनच पाहायचो. पण हिशेब करून बघा. प्रावरणातल्या ऑलिविनमध्ये मॅग्नेशियमचा वाटा ९० टक्क्यांच्या जवळ असतो आणि लोहाचा उरलेला १०. ०.३० ने गणित मांडलं तर त्याच्याशी समतोलात असलेल्या रसात हा वाटा ७३ टक्क्यांच्या आसपास हवा. घाटातला बेसाल्ट त्याच्या खूप खाली आहे. त्यात मॅग्नेशियम ऑक्साइड साधारण ५ ते ७ टक्के, तर माझ्या कुपीतल्यासारख्या रसात त्याच्या दुपटीच्या घरात. म्हणजे घाटात दिसणारा खडक हा प्रावरणातून निघालेला मूळ रस नव्हे. वाटेत, कवचातल्या कोठारांमध्ये थांबून, त्यातून ऑलिविन, पायरॉक्सीन, प्लॅजिओक्लेज ही खनिजं खाली बसलेली आहेत, आणि उरलेला रस तेवढा पृष्ठभागावर पसरला. मग मूळ रस केवढा असेल, आणि जे खाली बसलं ते किती, हा विचार मनात आला की सह्याद्री आहे त्याहून कितीतरी मोठा वाटायला लागतो.

यानंतर बाईंनी मला ३ गिगापास्कलवर पाठवलं, म्हणजे जवळजवळ १०० किलोमीटर खोल. पूड तीच. तापमान मुद्दाम वितळण्याच्या खाली ठेवलेलं, कारण यावेळी रस नको होता, खनिजं बघायची होती. कुपी कापली तर त्यात स्पिनेल नव्हतं. गार्नेट होतं. मोठे, गोलसर कण, पोटात ऑलिविनचे बारके तुकडे धरून बसलेले. वाढत्या दाबाखाली स्पिनेल आणि पायरॉक्सीन मिळून गार्नेट आणि ऑलिविन होतात, कारण त्यांना एकत्र जागा कमी लागते. हे पाठ्यपुस्तकात कितीदा तरी वाचलं होतं. पण त्याच बाटलीतल्या पुडीच्या दोन कुप्या शेजारी ठेवून, एकीत स्पिनेल आणि दुसरीत गार्नेट, हे डोळ्यांनी बघताना माझा आनंद लपला नाही. ताईला हाक मारून आणलं. तिने तिचं काम बाजूला ठेवून बराच वेळ पडद्यावर पाहिलं, आणि मग विचारलं, "गार्नेट जन्माला यायला आळशी असतं. बिया घातल्या होत्यास का?" घातल्या होत्या. गार्नेटचे काही बारीक कण पुडीत आधीच मिसळले की वाढ लवकर सुरू होते.

या गार्नेटचं महत्त्व असं, की इटर्बियम आणि ल्युटेशियम ही जड दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं ते घट्ट धरून ठेवतं. गार्नेट मागे ठेवून निघालेल्या रसात ती कमी असतात, स्पिनेल मागे ठेवून निघालेल्या रसात तशी कमी नसतात. कोणत्याही लाव्ह्यातलं इटर्बियम मोजून तो उथळ वितळला की खोल, असं जेव्हा कुणी लिहितं, तेव्हा त्या वाक्यामागे अशाच कुप्या असतात. आता असे निबंध वाचताना मी आधी प्रयोगाचा भाग उघडते: कुपी कशाची, वेळ किती, बेरीज जुळली का.

माझा स्वतःचा प्रश्न कार्बनचा ठरला. राजदीप दासगुप्ता आणि मार्क हर्शमन यांनी २००६ साली दाखवलं की पेरिडोटाइटमध्ये थोडा जरी कार्बन डायऑक्साइड असला, तर मध्य-महासागरी कटकांखाली, म्हणजे महासागरांच्या तळावरच्या डोंगररांगांखाली, वितळणं ३०० किलोमीटरच्याही खाली सुरू होऊ शकतं, कोरड्या खडकाच्या कितीतरी खोल. त्या खोलीवर जो रस निघतो तो बेसाल्ट नसतो, कार्बोनेटचा असतो, अतिशय पातळ आणि अत्यल्प. तो वर येता येता बेसाल्टच्या दिशेने कसा बदलत जातो, ती वाट मला मोजायची आहे. यात पुडीतला कार्बोनेट उडवून लावायचा नसतो, उलट मोजून ठेवायचा असतो. आणि हा पातळ रस निवताना काच होतच नाही, त्याचे पिसासारखे बारीक स्फटिक होतात. त्यामुळे एका बिंदूवर मोजून भागत नाही, मोठ्या क्षेत्राची सरासरी घ्यावी लागते. बेरजेची कसोटी इथेही लागू आहे, फक्त त्यात कार्बनची एक ओळ वाढली आहे, आणि कुपीचा ग्राफाइट स्वतःच कार्बन असल्यामुळे ती ओळ भरताना बाईंना आणि मला रोज वाद घालावा लागतो.